पिंजऱ्यातली सुताची गादी

रुबीना भिवंडीत अब्बांच्या यंत्रमाग कारखान्याशेजारी, लूमच्या खडखडाटात वाढली, त्यामुळे प्रयोगशाळेतली शांतता सुरुवातीला तिच्या कानांना लागायची. पुढे तिने विषशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. औषध गुण कसा देतं यापेक्षा ते इजा कुठं करतं, हे शोधण्यात तिची पंधरा वर्षं गेली. "आमची पोरगी उंदरांची डॉक्टर," असं तिचे अब्बा, अब्दुर्रहमानशेठ, सगळ्यांना सांगत.

तिचा सर्वांत गाजलेला शोधनिबंध भिवंडीजवळच्या अंजूर गावातल्या तुळशीरामकाकांच्या मुळीवर होता. कावीळ झालेली माणसं सकाळी उपाशीपोटी काकांच्या ओटीवर येत. काका सहाणेवर मुळी उगाळून ताकातून देत आणि बदल्यात नारळसुद्धा घेत नसत. लहानपणी रुबीनाही ते ताक प्यायली होती. म्हणूनच तिने मागितल्यावर, घराबाहेर कुणाला न दाखवलेलं झाड काकांनी तिला बांधावर नेऊन दाखवलं.

निकाल वाईट आला. मुळी दिलेल्या उंदरांचं यकृत बिघडत होतं. निबंध छापून आल्यावर रुबीना स्वतः अंजूरला गेली आणि तिने काकांना सगळं सांगितलं.

"तू शिकलेली हायस. तुला ठावं," एवढंच म्हणून काकांनी सहाण पालथी घातली. गाव मात्र बोलू लागलं, की तुळशीराम इतकी वर्षं माणसांना विष पाजत होता.

चार वर्षांनी रुबीनाचं नाव प्राध्यापकपदासाठी पुढे आलं. अर्जात पहिला निबंध तोच होता. त्याच सुमारास तिच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या विनिताने तो प्रयोग पुन्हा केला, तर उंदीर ठणठणीत.

"मात्रा तपासलीस?"

"तीनदा, मॅडम."

दोघींनी जुनी वही काढली. डिसेंबरच्या पानावर रुबीनाच्याच अक्षरात लिहिलं होतं : मुळीचे पिंजरे एसीच्या तोंडाशी. उंदीर गारठतात. सुताची गादी दिली.

"गादी कसली, मॅडम?" विनिताने विचारलं.

रुबीनाने अब्बांना फोन लावला. "अब्बा, त्या थंडीत मी कारखान्यातून सुताचा कचरा नेला होता. त्या सुताला खळ होती?"

"खळीशिवाय धागा लूमवर टिकतो का? इतना भी भूल गई, बेटा?"

"आणि खळीत बुरशी लागू नये म्हणून औषध?"

"ते तर घालतातच. का गं?"

हे सगळं तिला लहानपणापासून माहीत होतं. पांढरं, मऊ, ओळखीचं सूत पाहून तिला त्यात विष असेल असं वाटलंच नव्हतं. उंदीर समोर येईल ते कुरतडतात. बाकीचे पिंजरे उबेत होते, त्यांना गादी मिळाली नव्हती.

तरी तिने घाई केली नाही. मुळी न देता नुसती सुताची गादी ठेवून विनिताकडून आणखी एक प्रयोग करून घेतला. यकृत तसंच बिघडलं. त्या दिवशी रुबीना निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहायला बसली.

"मॅडम, मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. पत्र त्यानंतर पाठवलं तर?"

"मुलाखतीत याच निबंधावर विचारतील. काय सांगू?"

पत्र गेलं. पद दुसऱ्याला मिळालं.

रुबीना रविवारी अंजूरला गेली. काकांच्या घरापुढचं शेत आता गोदामाखाली गेलं होतं, मागचा बांध तेवढा उरला होता. तिने काकांना सुताची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

"म्हंजे मुळी चांगली हाय?" ते म्हणाले.

"तेही सांगता येत नाही, काका. वाईट आहे असं मी म्हटलं, ते चुकलं. मुळीने कावीळ बरी होते का, ते अजून पाहायचंय."

"आन गावाला कोन सांगंल?"

"मीच. म्हणून रविवारी आले, सगळे घरी असतात."

दुपारपर्यंत ती ओटीवर बसून येईल त्याला सांगत राहिली. कुणी ऐकलं, कुणी हसलं. काका मधेच उठून बांधावर गेले आणि मातीने माखलेली एक मुळी कागदात बांधून घेऊन आले.

"तुजं तपासून व्हईपर्यंत सहान पालथीच ऱ्हाईल," पुडी तिच्या हातात देत ते म्हणाले. "पन या बारीला उंदरांना जरा थंडी वाजू दे, पोरी."