काचमामाची दवंडी

काचमामा यायचा तो आधी कानांना, मग डोळ्यांना. कोपऱ्यावर त्याची डिझेल पिकअप वळली की माझ्या स्वयंपाकघरात फळीवरच्या बश्या एकमेकींशी कुजबुजायला लागत. खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून दारात येई आणि हात जोडे. मग काळा धूर, मग बोनेटचं फिकट निळं नाक, आणि सगळ्यात शेवटी काचमामाचा हसरा चेहरा. एवढी वातावरणनिर्मिती करून प्रवेश घेणारा माणूस मी आमच्या नाटक कंपनीतही पाहिला नव्हता.

त्या गाडीचं नाव दवंडी. ते ठेवलं आमच्याच मंडळींनी. तेव्हा गाडी नवीकोरी होती, तो पंचविशीचा होता आणि आमच्या नाटकांचं नेपथ्य गावोगाव पोचवायचा. आम्ही मुक्कामाला पोचायच्या आधी त्या इंजिनाचा आवाज पोचायचा. जाहिरातीचं काम फुकटात होतंय, असं मॅनेजर म्हणायचे. अकरा वर्षं त्यानं आमच्या भिंती, दारं, जिने आणि एक खोटं झाड वाहिलं. सामान उतरवून तो झोपायला जात नसे, विंगेत उभा राहून प्रयोग बघायचा. पुढे कंपनी बंद पडली. मी घरी बसले आणि तो काचा वाहायला लागला. कारखान्यातून दुकानांत, दवाखान्यांत, नव्या इमारतींत. मी त्याला अरेतुरे करते, तो मला "अहो बाई" म्हणतो, आणि आठवड्यातून एकदा तरी चहाला येतो.

काच न्यायची ती उभी. आडवी ठेवली की एका खड्ड्यात संपली. गाडीच्या हौद्यात त्यानं तिरका लाकडी सांगाडा ठोकला होता. त्याला काचा टेकवायच्या, मध्ये जुन्या गोधड्या घालायच्या आणि दोरीनं आवळायचं. इथपर्यंत सगळेच करतात. काचमामाची खुबी पुढे होती. त्या सांगाड्याला त्यानं वेताची एक काठी बांधली होती. तिचं दुसरं टोक केबिनच्या मागच्या सरकत्या खिडकीतून आत यायचं आणि त्याच्या खांद्याला टेकायचं. टोकाला जुना मोजा गुंडाळलेला. मागे काच जराशी सैल झाली की काठी थरथरायची आणि तो गाडी बाजूला घ्यायचा. "काच फुटायच्या आधी मला निरोप येतो," असं तो सांगायचा. इतक्या वर्षांत त्याच्या फुटलेल्या काचा दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील.

तर अशा माणसाला कारखान्याच्या मालकीणबाईंनी निरोप दिला: एक तारखेपासून जुन्या डिझेल गाड्या आवारात घेणार नाही. नवी आणा, काम तुमचंच आहे.

नवी गाडी घ्यायची घरची तयारी केव्हाच झाली होती. मामीला आणि थोरल्या लेकीला त्या धुराचा वीट आला होता. ही थोरली म्हणजे काचमामाची भागीदारच. काच उचलायला दोन माणसं लागतात, त्यातलं दुसरं माणूस ती. पण महिना अर्ध्यावर आला तरी काचमामा एकही गाडी पसंत करेना. एकीची सीट फार मऊ, झोप येईल. दुसरीचं पुढचं तोंड उर्मट दिसतं. तिसरीबद्दल तर तो म्हणाला, "तिच्यात बसलं की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं."

मला नवल वाटलं. हा माणूस नव्या वस्तूला बिचकणारा नव्हे. आमच्या कंपनीत फिरता रंगमंच आला तेव्हा त्याच्यावर पहिली चक्कर यानंच मारली होती. मग आताच काय झालं?

तारखेला बारा दिवस उरले तेव्हा थोरली माझ्याकडे आली.

"आत्या, आता तुम्हीच चला शोरूममध्ये. बाबा तुमचं ऐकतात."

"तुझं नाही ऐकत?"

"विचारलं की 'हो ना' म्हणतात. तिथे गेलं की मान हलवतात. आणि... ते माझ्यावर रागावलेत, आत्या. दोन वर्षं झाली. मागून हाक मारली तर ओसुद्धा देत नाहीत. मी काय केलं तेच कळत नाही."

मी चप्पल घातली.

शोरूममध्ये टाय लावलेल्या विक्रेत्यानं आम्हाला एक पांढरी पिकअप दाखवली. मागेही माणसं बसतील अशी, पाठचा हौदाही चांगला ऐसपैस. विक्रेता आणि थोरली मागच्या सीटवर बसले, मी पुढे, काचमामा चाकामागे. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. लोण्यातून सुरी फिरावी इतकं अलगद. काचमामा थांबला, आणि त्यानं किल्ली पुन्हा फिरवली.

चालू गाडीची किल्ली फिरवली की काय होतं ते ज्यानं ऐकलं त्यालाच माहीत. कर्रर्रर्र! विक्रेत्यानं डोळे मिटून घेतले. थोरलीनं कानांवर हात नेले. माझ्या तर दातांतून कळ गेली.

"काका, चालू आहे ती! चालूच आहे!" विक्रेता मागून ओरडला.

काचमामानं तिसऱ्यांदा फिरवली. "बॅटरी उतरलीय वाटतं," तो शांतपणे म्हणाला.

त्या एका क्षणी आम्हा तिघांचे चेहरे वाकडे झाले होते आणि चौथा चेहरा स्थिर होता. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं.

"चालू आहे," मी म्हणाले.

"हो ना," तो म्हणाला.

मग आम्ही रस्त्यावर निघालो ते पहिल्या गियरमध्ये. इंजिन गळा काढून रडत होतं, मागून थोरली "गियर, बाबा, गियर!" म्हणून विनवत होती, आणि काचमामा फिरायला निघाल्यासारखा प्रसन्न. परत आल्यावर तो उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या काचेवर टिचकी मारून म्हणाला, "ही उघडत नाही. काठी कुठून आणू? नको ही."

घरी आले, पण डोक्यातून ते कर्रर्र जाईना. आणि तेव्हा मला आमचे बुवा आठवले.

बुवा म्हणजे आमच्या कंपनीतले म्हातारे नट. शेवटची चार वर्षं त्यांना ऐकू येत नव्हतं. प्रेक्षकांना हे कधी कळलं नाही, मॅनेजरलाही नाही. मला ठाऊक होतं, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्याआधी मी टाचेनं फळीवर हलकेच ठोका द्यायचे. तो त्यांना तळपायातून कळायचा, आणि त्यांचं वाक्य बरोब्बर जागेवर यायचं. प्रयोग संपला, कोणी काही बोललं, की ते हसून म्हणायचे, "खरंय, खरंय." त्यांना कोणी पैसे मागितले तरी खरंय, शिव्या दिल्या तरी खरंय.

खरंय आणि हो ना. एकाच घराण्यातली ही दोन भावंडं मला आजवर कशी ओळखू आली नाहीत?

दुसऱ्या दिवशी काचमामा चहाला आला. दवंडी खाली उभी होती आणि थोरली तिच्या हौद्यात गोधड्यांच्या घड्या घालत होती. मी ओट्याशी, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "काचमामा, उद्या मी हत्तीशी लग्न करतेय."

काहीच उत्तर नाही. मी मान अर्धवट वळवून हसले.

"हो ना, बाई," तो म्हणाला.

"हत्तीच्या घरची माणसं चांगली आहेत."

"हो ना."

मग मी टाच उचलली आणि लाकडी जमिनीवर एक ठोका दिला. काचमामानं झटकन मान वर केली. मी वळले, त्याच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"कधीपासून?"

त्यानं कप खाली ठेवला. नाटक करावं की नाही, याचा तो थोडा वेळ विचार करत होता. पण समोर कोण बसलंय हेही त्याला माहीत होतं.

"आधी एक कान गेला," तो म्हणाला. "मग दुसराही. हळूहळू. दवंडीनंच खाल्ले असतील. पण बाई, दवंडीत काय होतं, सगळेच बहिरे. त्यात मी एक. माणसं माझ्याकडे तोंड करून ओरडून बोलतात, मला सगळं कळतं. कारखान्यातही मशिनांची घरघर. तिथेही सगळे ओरडतात. माझं भागून जातं. त्या पांढऱ्या गाडीत..." तो कपाकडे बघत राहिला. "त्या गाडीत लपायला जागाच नाही."

"थोरलीला सांग."

"ती किल्ली काढून घेईल. मग मी काय करू? काच सोडून मला काय येतं?"

"आणि दवंडी धरून बसलास तर एक तारखेला कारखाना फाटक बंद करेल. तेव्हा काय करशील?"

मग मी त्याला ते सांगितलं जे सांगायचं मी ठरवलं नव्हतं. "तिला वाटतं, तू तिच्यावर रागावलायस. दोन वर्षं हाका मारतेय ती."

त्यानं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणून नव्हे.

तो उठून खाली गेला. मी खिडकीत उभी राहिले. दवंडीशी पोचताच त्यानं सवयीनं इंजिन चालू केलं, त्यामुळे मला एक अक्षर ऐकू येईना, निव्वळ मूकनाट्य. तो काहीतरी बोलला. थोरली हातातली गोधडी घेऊन उभी. त्यानं आधी एक कान दाखवला, मग दुसरा. तिनं काही विचारलं. त्यानं दोन बोटं वर केली. तिनं ती गोधडी त्याच्या दंडावर हाणली, पुन्हा हाणली, आणि मग तीच गोधडी तोंडाला लावून उभी राहिली. शेवटी ती केबिनमध्ये वाकली आणि तिनं इंजिन बंद केलं. त्यानंतरचं एवढंच वाक्य माझ्यापर्यंत आलं, कारण ते ती त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन, ओरडून म्हणाली:

"किल्ली घेऊन मी काय करू, बाबा? दोन माणसांची काच एकटीनं उचलू?"

मग सगळं भराभर झालं. कानांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांत दोन बोराएवढी यंत्रं बसवली, आणि ती लावून गाडी चालवायला हरकत नाही, असं तपासून लिहून दिलं. पांढरी गाडी ठरली. न उघडणाऱ्या मागच्या खिडकीवरून थोरलीनं वडलांची यथेच्छ टर उडवली. "शंभर इमारतींना काचा दिल्या आणि स्वतःच्या गाडीची एक खिडकी बदलता येत नाही?" त्यानं ती बदलली. सरकती काच बसवली, कडेला रबर लावलं आणि काठी आत घेतली. मोजा मात्र नवा.

दवंडी न्यायला भंगारवाला आला त्या सकाळी आम्ही सगळे खाली होतो. काचमामानं तिच्या बोनेटवर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच उभा राहिला. मग शेवटचं एकदा चालू करून देतो म्हणून आत बसला आणि किल्ली फिरवली.

तो सीटवरून असा उडाला की टपाला डोकं आपटलं. दोन्ही हात कानांवर.

"अहो, ही आता एवढी बोंबलते?"

"पस्तीस वर्षं हात जोडून सांगतोय मी!" शिंपी दारातून ओरडला.

"मला वाटायचं, तुम्ही नमस्कार करताय! मीही दरवेळी उलट नमस्कार करायचो!"

"तेच तर! मला वाटायचं, माणूस नम्र आहे, पण ऐकत नाही!"

मामी हसता हसता पायरीवर बसली. काचमामानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि आमच्या सगळ्यांकडे वळून फार गंभीरपणे म्हणाला, "माफ करा हो मंडळी."

एक तारखेला पहिली खेप निघाली. एका शाळेच्या आठ मोठ्या काचा. मी पुढे बसले, कारण पहिला प्रयोग मी चुकवत नाही. थोरली मागच्या सीटवर. काठी काचमामाच्या खांद्याला टेकलेली. कारखान्याचं फाटक उघडलं, पहारेकऱ्यानं गाडीकडे पाहून भुवया उंचावल्या, आणि आम्ही रस्त्याला लागलो. गियर त्यानं वेळेवर बदलले. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून, दाद मागत.

पुलाच्या अलीकडे तो एकदम बाजूला थांबला.

"काठी हलली का?" मी विचारलं.

"नाही. काठीला अजून कळलंच नाही. मागे कुरकुरतंय काहीतरी." तो उतरला. तिसऱ्या आणि चौथ्या काचेमधली गोधडी सरकली होती. दोघांनी मिळून ती नीट केली, दोरी आवळली.

पुन्हा निघालो. थोडं अंतर गेल्यावर मागून थोरली हळूच, स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, "बाबा."

"काय गं?"

ती नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. काचमामानंही पुन्हा विचारलं नाही.

गाडीत इतकी शांतता होती की मला जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. आमचं शेवटचं नाटक, भरलेलं सभागृह, विंगेत उभा असलेला हा. तेव्हा तर याचे कान शाबूत होते. मी रस्त्याकडे बघतच म्हणाले, "काय सांगू, काचमामा, त्या शेवटच्या नाटकात मी जे काम केलं, तसं पुन्हा कोणी केलं नाही."

मी सवयीनं "हो ना"ची वाट पाहिली.

"पहिले दोन अंक झकास," तो म्हणाला. "पण खरं सांगू का, बाई? तिसऱ्या अंकात तुम्ही जरा ओरडायचात."

उरलेला रस्ता आम्ही कडाकडा भांडत गेलो. शाळेत उतरवल्या तेव्हा आठच्या आठ काचा शाबूत होत्या.