बॅटरीच्या दिव्यावरची टिकली

बाबांनी गाडीच्या डॅशबोर्डावरच्या लाल दिव्यावर आईची टिकली चिकटवली होती. मरून रंगाची, चांगली मोठी, आई सणावाराला लावते तसली. मी शनिवारी मागच्या सीटवर आईशेजारी बसायची, त्यामुळे कित्येक आठवडे ती माझ्या नजरेला पडलीच नाही. पडली तेव्हा आधी हसू आलं आणि लगेच राग. राग मला लवकर येतो. तो बाबांकडून आलाय असं आई म्हणते, आणि बाबा म्हणतात आईकडून.

बाबा ट्रक ड्रायव्हर होते. उभी हयात एका जिनिंगच्या मालकाच्या ट्रकवर कापसाच्या गाठी वाहण्यात गेली. त्या ट्रकचं स्टेअरिंग म्हणजे काय प्रकरण होतं ते मी लहानपणी पाहिलंय. ट्रक मागे घेऊन फिरवायचा असला की बाबा सीटवरून अर्धे उठायचे आणि सगळं अंग टाकून ते ओढायचे. त्या कामाने त्यांचे हात असे झाले होते की मी आणि माझा भाऊ एकेका हाताला लोंबकळायचो आणि बाबा आम्हाला घेऊन अंगणभर फिरायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली, पॉवर स्टेअरिंगची. पहिल्या दिवशी एका बोटाने चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “हे काई गाडी नाई, खेळनं हाये.” मग त्या खेळण्याच्या चाकाला त्यांनी ट्रकला गुंडाळतात तशी सुती दोरी घट्ट गुंडाळली, डॅशबोर्डावर बुद्धाची छोटी मूर्ती बसवली आणि गाडी आपलीशी केली.

दोन वर्षांनी आईच्या किडन्या कामातून गेल्या. आईबाबा सुलतानपूरला राहतात, डायलिसिस मेहकरला. बुधवारी आणि शनिवारी. मी बुलढाण्याला नोकरीला, भाऊ त्याहून लांब. मी शुक्रवारी संध्याकाळच्या बसने यायची आणि शनिवारची खेप आईसोबत करायची. गाडी मात्र बाबांचीच. डायलिसिसहून परत येताना आई पिळून टाकलेल्या कपड्यासारखी झालेली असे. डोकं सीटवर टाकलेलं, तोंड उघडं. तसं तिला दुसऱ्या कोणी पाहिलेलं चालत नव्हतं. आणि बाबांना स्वयंपाक येत नव्हता, औषधांची नावं जिभेवर बसत नव्हती, आईचं पथ्य ते रोज चुकवायचे. तिच्यासाठी त्यांना नीट करता येईल असं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे तिला नेणं आणि आणणं. त्यात कोणी हात घातलेला त्यांना खपत नसे.

मग गाडीने कुरकुर सुरू केली. संध्याकाळी परतताना हेडलाइट लावले की डॅशबोर्डावर बॅटरीचा लाल दिवा मिणमिणायचा. बाबांनी नवी बॅटरी टाकली. आठवडाभर दिवा गप्प बसला आणि पुन्हा पेटला, या वेळी दिवसाही. आता बाबांच्या त्या ट्रकमध्ये एकही काटा कधी जाग्यावर नव्हता. डिझेल किती आहे ते टाकीवर थाप मारून बघायचं आणि इंजीन कसं आहे ते काच खाली करून ऐकायचं, ही त्यांची रीत. “दिवे पाहून चालवते तो डायवर नोय,” असं ते म्हणत. नवी बॅटरी टाकूनही दिवा लागतो म्हणजे दिवाच बिघडला, असा त्यांनी निकाल दिला. आणि डोळ्यांत खुपतो म्हणून आईच्या पाकिटातली टिकली काढून त्याच्यावर लावली.

काच खाली असल्यामुळे त्यांनी ऐकलंही होतं. सकाळी गाडी चालू केली की बॉनेटमधून चीं असा लांब आवाज यायचा आणि थोड्या वेळाने बंद व्हायचा. ते म्हणाले, गारठ्याने होतं. स्टेअरिंगही जड येऊ लागलं, विशेषतः हळू असताना, वळणावर, किंवा गाडी लावताना. ते म्हणाले, हवा कमी आहे. दर खेपेला मेहकरच्या नाक्यावर थांबून चारही चाकांत हवा भरायची, असं चाललं होतं.

त्याच दिवसांत आईला गाडीत मळमळायला लागलं. वळण आलं की ती मागून म्हणायची, “हळू घ्या वो, मले मळमळते.” बाबा लगेच पाय काढायचे, गाडी चालण्याच्या वेगावर यायची, वळण पार पडायचं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी दिली. गोळीने काही फरक पडला नाही. मी बाबांवरच चिडायची, तुम्ही ट्रक हाकल्यासारखी गाडी हाकता म्हणून. ते काही बोलायचे नाहीत, आणि बाबांनी उलट न बोलणं हे खरं तर मला खटकायला हवं होतं.

एका शनिवारी परतताना समोरून ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भरलेलं, ट्रॉलीबाहेर अर्ध्या रस्त्यावर आलेलं. बाबांनी गाडी डावीकडे घेतली ती घेतलीच. परत रस्त्यावर यायची तर आलीच नाही. बाभळीच्या झुडपात शिरून थांबली. लागलं कोणालाच नाही. आई डोळे मिटून होती आणि तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. मी उतरून पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि तेव्हा ती टिकली पाहिली. नखाने काढली. खाली दिवा लालभडक.

“बाबा, हे काय?”

“तो दिवा बिघडेल हाये.”

“आणि स्टेअरिंग?”

“जड येऊन राह्यलं,” ते म्हणाले. समोर बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण मेहकरचा एक मेकॅनिक बाबांच्या ओळखीचा, त्याने त्यांच्यासाठी गॅरेज उघडलं. आईला म्हटलं तू घरी पड, काल डायलिसिस झालंय. ती म्हणाली, “मी येते.” का, विचारलं तर परत म्हणाली, “मी येते.” गाडी बाबांनीच चालवली, आम्ही अगदी हळू गेलो. गॅरेजसमोरच्या कडुनिंबाखाली एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यात आई पदर सावरून बसली.

मेकॅनिकनेही आधी बॅटरीवरच बोट ठेवलं. बॅटरी नवीन आहे म्हटल्यावर त्याने इंजीन चालू करून हेडलाइट लावायला सांगितले आणि मीटर लावून पाहिलं. चार्जिंग नावाला होतं. मग इंजीन बंद करून त्याने पुढच्या बाजूचा काळा पट्टा अंगठ्याने दाबला. पट्टा खाटेच्या सैल नाड्यासारखा खाली गेला. वरून गुळगुळीत, चकचकीत झालेला. “हा पाहा, काका,” तो म्हणाला, “ह्याच पट्ट्यावर तुमचा डायनामो फिरते अन् ह्याच्यावरच स्टेरिंगचा पंप. पट्टा घसरून राह्यला. मंग बॅटरी बी भरत नाई अन् स्टेरिंग बी जड. सकाळी वरडते तो हाच.”

बाबांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मी विसरणार नाही. इतकं हलकं, इतकं आनंदी मी त्यांना आईच्या आजारपणानंतर पाहिलं नव्हतं. “म्हनजे गाडीचंच होतं,” ते म्हणाले. आणि आईकडे वळून मोठ्याने, “आयकलं काय? गाडीचंच होतं.”

नवा पट्टा बसला, ताणून बसला. स्टेअरिंगचं तेल थोडं कमी होतं, ते भरलं. चावी दिली तसे सगळे दिवे लागले, इंजीन चालू झालं तसे सगळे विझले. टिकलीचा डिंक तेवढा दिव्याच्या काचेवर राहिला होता. मेकॅनिकने मला बसवून चाक फिरवायला सांगितलं. दोन बोटांनी फिरत होतं, त्या सुती दोरीसकट. मी उतरले आणि बाबा बसले. त्यांनी गाडी गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत एक गोल फिरवली, थांबवली आणि म्हणाले, “जडच हाये.”

मेकॅनिकने काच खाली असलेल्या दारातून हात घालून चाक फिरवलं. “नाई काका. हलकं हाये.”

“पंप गेला असन मंग.”

त्याने बॉनेट पुन्हा उघडलं. पंप पाहिला, नळ्या पाहिल्या, कुठे तेल गळत नव्हतं. जॅक लावून पुढची चाकं उचलली, हाताने हलवून बघितली. “पंप चांगला हाये, काका. समदं चांगलं हाये.”

“तुले समजत नाई काय?” बाबा ओरडले. “मी तीस तीस टन ओढलं बे ह्या हातानं. मले जड येऊन राह्यलं म्हनजे जड हाये.” आणि दाखवायला म्हणून त्यांनी चाक जोरात डावीकडे ओढलं. मी खिडकीपाशीच होते. उजव्या हाताने ओढलं होतं. डावा हात चाकावर नुसता ठेवलेला होता आणि चाक फिरलं तसा तो घसरून मांडीवर पडला. बाबांनी तो उचलून पुन्हा चाकावर ठेवला. एखादी वस्तू ठेवावी तसा.

कडुनिंबाखालून आई म्हणाली, “गाडी झाली बरी. आता तुमचा हात डाक्टरले दाखवू.”

मेकॅनिक हात पुसत पुसत चहा सांगून येतो म्हणून निघून गेला, त्याचे मी आजही उपकार मानते. बाबा गाडीतच बसून होते. इंजीन चालू होतं आणि फार छान, एकसारखं चालत होतं.

आईला सगळं ठाऊक होतं. पावसाळ्यापासून बाबा जेवताना डाव्या हाताने ताट धरत नव्हते. शर्टाची बटणं आई लावून देत होती, आणि दोघंही ते रोजचंच असल्यासारखं करत होते. एकदा विहिरीवर त्यांच्या हातून बादली सुटली. आईने हे मला घरी आल्यावर, भाजी निवडत, खालच्या आवाजात सांगितलं. मी भडकले. मला का नाही सांगितलंस, म्हटलं. ती म्हणाली, “सांगतलं असतं तं तू त्यायची चाबी घेतली असती. मंग काय करतीन ते दिवसभर? माह्या तोंडाकडं पाहत बसतीन?”

“अगं पण तू त्याच गाडीत बसत होतीस. तुला भीती नाही वाटली?”

“वाटे ना,” ती म्हणाली. “म्हनून तं वळनावर मले मळमळे.”

मला रडू आलं. तिच्यासमोरच आलं, ते मी लपवलं नाही. ती भाजी निवडत राहिली.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बाबांना तपासलं, डोक्याचा फोटो काढला. मागे कधीतरी मेंदूला एक छोटा झटका येऊन गेला होता, कोणाला न कळता. गोळ्या आहेत, व्यायाम आहे, हात बराचसा सुधारेल, पण गाडी नाही, ते म्हणाले. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मेहकरपर्यंत बी नाई?” डॉक्टर म्हणाले, नाही. बाबांनी मान हलवली. खाली येऊन त्यांनी चावी माझ्या हातात दिली. मी ती घेतली. घेताना मला जे वाटलं त्याला वाईट म्हणणं कमी पडेल.

आता बुधवारी चुलतभाऊ नेतो आणि शनिवारी मी. माझं लायसन्स काढून बरीच वर्षं झाली होती, पण गाडी मी कधी शहराबाहेर काढली नव्हती. पहिल्या शनिवारी बाबा माझ्या डावीकडे बसले. डावा हात मांडीवर, त्याच्यावर उजवा. मी चावी फिरवून लगेच इंजीन चालू करायला गेले तर म्हणाले, “थांब. आधी दिवे पाह्य. समदे लागले पाहिजे. मंग चालू कर, मंग समदे इझले पाहिजे.” ते एकेका दिव्याकडे बघत होते. सगळे लागले, सगळे विझले. मग त्यांनी मान हलवली आणि मी गाडी काढली.

ज्या वळणावर ट्रॅक्टर आला होता ते वळण आलं. रस्ता रिकामा होता, मी हळूच होते. तरी बाबांचा उजवा हात उचलला गेला आणि स्टेअरिंगवर, माझ्या हाताशेजारी, त्या सुती दोरीवर येऊन बसला.

“बाबा, जड नाही ते.”

“मालूम हाये मले,” ते म्हणाले. पण हात काढला नाही.

काढा म्हणून मी तोंड उघडलं होतं. मागून आई म्हणाली, “असू दे वं.” मग आम्ही दोघांनी मिळून गाडी वळवली. त्या वळणावर तिला मळमळलं नाही.