तेवीस तोंडांचा रस्ता

"थांब. आयक. मंग जाय."

एवढं म्हणून मुकादम डावा हात शेताच्या ताटीसारखा आडवा धरायचे. मागे आम्ही पाच बायका, डोक्यावर घमेली घेऊन. भर दुपार, दोन्हीकडे एकही गाडी नाही, डांबरावर ऊन नुसतं हलतंय. तरी हात आडवाच. मान थोडी तिरकी करून ते ऐकायचे. मग हात खाली यायचा आणि आम्ही रस्ता ओलांडायचो.

शांताबाई म्हणायची, "भाऊ, इथं कुत्रं बी नाही. कोनाची वाट पाहून राह्यले?"

"दिसते ते गाडी मारत नाही वं. न दिसणारी मारते."

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. एस.टी.च्या खिडकीतून दिसतो. डोक्याला रुमाल, हातात फावडं, गाडी जाईपर्यंत कडेला सरकून उभा. गाडी पुढे गेली की आपण त्याला विसरतो. साखरखेर्ड्याच्या बाजूच्या आमच्या नऊ किलोमीटर रस्त्याचे ते मुकादम होते. खड्डे बुजवायचे, बाजूची झुडपं तोडायची, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे, हे काम. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं रोजानं होते.

ट्रक बंद पडला की ड्रायव्हर चाकाखाली दगड लावतात आणि ट्रक सुरू झाला की दगड तिथेच टाकून निघून जातात. मुकादम असा दगड कधी पायानं ढकलायचे नाहीत. दोन्ही हातांनी उचलून शेताच्या बांधापर्यंत नेऊन ठेवायचे. "हा दगड कोनाच्या तरी घरी भिंतीवर फोटो लावते," म्हणायचे. एकदा शांताबाईनं विचारलं, "भाऊ, तुमच्या घरचं कोनी रस्त्यावर गेलं काय?"

ते रागावले. "घरचं मरायलेच पाह्यजे काय? तसं समजत नाही काय मानसाले?"

मुकादमांना लिहिता येत नव्हतं. मी चौथी शिकलेली. म्हणून हजेरी, खडीचे ढीग, कुठल्या झाडाची फांदी वाकली, ते सगळं ते सांगायचे आणि मी लिहायची. मला ते मास्तरीण म्हणायचे. मी कोणाशी बोलायची नाही. लहानपणापासूनच नाही. चार माणसं दिसली की माझा घसा मिटतो. बाकीच्या बाया त्यावरून चिडवायच्या, ते कधी चिडवायचे नाहीत. विचारलेल्या गोष्टीला मी नुसती मान हलवली तरी त्यांचं काम भागायचं.

मग ती मोटारींची शर्यत आली.

मैदानात नाही, आपल्याच रस्त्यावर. सकाळी आठ ते बारा रस्ता बंद ठेवायचा आणि दोन-दोन मिनिटांनी एकेक मोटार सोडायची. नऊ किलोमीटर जो कमीत कमी वेळात जाईल तो पहिला. शर्यतवाल्यांचे साहेब पुण्याहून आले होते. ते म्हणाले, यंदा नीट पार पडली तर शर्यत दरवर्षी येईल आणि तिच्यासाठी रस्ता दरवर्षी नवा होईल. गावाला शर्यतीचं काही नव्हतं, रस्त्याचं होतं. पावसाळ्यात दवाखाना किती लांब जातो ते आम्हालाच माहीत.

साहेबांनी जीपवर नकाशा पसरला. म्हणाले, या रस्त्याला येऊन मिळणाऱ्या वाटा तीन. तिथे माणसं उभी करू.

मुकादम म्हणाले, "तीन गाडीच्या झाल्या साहेब. पायाच्या किती?"

मग तीन दिवस आम्ही दोघं ते नऊ किलोमीटर पायी चाललो. मुकादम पुढे, चुन्याचं घमेलं घेऊन मी मागे. जिथून म्हणून काही रस्त्यावर येऊ शकतं तिथे ते चुन्याची फुली मारायचे. त्याला ते तोंड म्हणायचे. पांदणीचं, म्हणजे शेतात जाणाऱ्या वाटेचं तोंड, विहिरीच्या वाटेचं तोंड. मी वहीत लिहायची. तोंड सातवं, गोठा अलीकडे, पाणी पलीकडे, म्हैस दहाच्या सुमारास. तोंड बारावं, कुंपणाला भोक, कोणी पाडलं ते कोणी सांगत नाही, जातात सगळे. एका बाभळीपाशी ते जरा थांबले, खालची मळकी पायवाट पाहिली आणि म्हणाले, "मास्तरीण, इथं काही लिवू नको. नुसतं लिव, एक मानूस, टमरेल, घाईत."

तोंडं तेवीस निघाली.

मग ते घरोघर गेले. "तुह्या सुनेले कितवा महिना? नववा? मंग परवाच दुसरबीडले बहिणीकडे धाड." "तुह्यी बकरी दावं तोडते. त्या दिवशी दोन दावी लाव." लोक हसायचे, पण ऐकायचे. प्रत्येक तोंडावर एक माणूस नेमला, आडवी बल्ली बांधली. गावापासून वळणापर्यंत दोर लावला, पाहणाऱ्यांनी त्याच्या मागे उभं राहायचं. साहेब वही वाचून म्हणाले, "मुकादम, पुण्यात असा माणूस मिळत नाही."

"पुन्यात म्हशी नसतीन साहेब."

मला त्यांनी तेविसाव्या तोंडावर ठेवलं, ऐन वळणावर. शिट्टी दिली. शांताबाई म्हणाली, "इले काऊन भाऊ? इच्या तोंडातून शब्द निघत नाही."

"म्हणूनच. बोलणारा मानूस पाह्यत नाही."

लाल झेंडा मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवला. साहेबांनी बजावून सांगितलं होतं. रस्त्यावर माणूस किंवा जनावर असेल तरच तो दाखवायचा. तो दाखवला की मोटार थांबते आणि इथली शर्यत तिथेच संपते.

त्या दिवशी तेवीसही तोंडं बंद होती. एकही बकरी सुटली नाही. दोन्ही टोकांना पोलीस. अख्खं गाव दोराच्या मागे, पोरींनी नवे कपडे घातलेले. पहिली मोटार आली आणि गेली. ती कशी होती ते मला सांगता येणार नाही, कानात गरम वारा शिरावा तसं झालं.

आणि ती जाताच सगळं गाव दोर ओलांडून रस्त्यावर आलं.

आमच्याकडे शंकरपट भरतो. बैलांची जोडी एकटी धावते, घड्याळ लावून. जोडी पुढे गेली की दोन्हीकडचे लोक तिच्या मागे धावपट्टीवर येतात आणि ती पार शेवटाला पोचेपर्यंत पाहत राहतात. जोडीच्या मागची जागा लोकांची. हे कोणी कोणाला शिकवत नाही. पाय आपोआप जातात.

वळणावरून मला सगळं दिसत होतं. मुकादमही दोन पावलं रस्त्यात आले होते. मान उंच करून मोटारीकडे पाहत होते. मग त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

तीन दिवस हिंडून त्यांनी म्हैस धरली, भोक धरलं, टमरेलवाला धरला. हे एक सुटलं होतं.

ते दोन्ही हात पसरून लोकांना मागे लोटू लागले. "अबे, हा पट नव्हे! मांगून दुसरी येऊन राह्यली!"

"दोन मिनिटं हायेत ना भाऊ," कोणीतरी म्हणालं. "तंबाखू मळून होते तेवढ्यात."

दुसरी गेली, लोक पुन्हा आत आले. तिसरी गेली, आणखी पुढे आले. घरच्या अंगणात असल्यासारखे मागे-पुढे होत होते. मुकादमांचा आवाज बसला होता. चौथी मोटार गेली तेव्हा सरपंचांचे वडील काठी टेकत तिच्या मागे चालू लागले. ते जुने पटकरी, त्यांच्या जोडीचं नाव अजून लोक काढतात. मोटार कुठवर गेली ते त्यांना पाहायचं होतं. गर्दी मागे राहिली आणि ते धुळीतून चालत वळणावर आले, माझ्यासमोर. तिथे त्यांचा पाय मुरगळला आणि ते रस्त्याच्या मध्ये बसले. पांढरं धोतर, पांढरा सदरा. उठता येईना. पाचवी मोटार लांब वाजू लागली होती.

शिट्टी माझ्या तोंडात होती. ती वाजली की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

गर्दीतून मुकादमांनी एकदा वळणाकडे पाहिलं. मग ते उलट धावले, येणाऱ्या मोटारीकडे, आणि लाल झेंडा दोन्ही हातांत धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मोटार त्यांच्यापासून किती लांब थांबली ते मी पाहिलं नाही. मी म्हाताऱ्याकडे पाहत होते. त्यांचे दोन पुतणे पळत आले, काखेत हात घालून त्यांना उचललं आणि माझ्याच पांदणीनं शेतात नेलं. एकानं माझ्याकडे पाहिलं. गप्प राहा असं त्यानं सांगितलं नाही. मला ते सांगायची कोणालाच गरज नव्हती.

साहेब आले तेव्हा लोक दोराच्या मागे गेले होते आणि रस्ता मोकळा होता.

दुपारी पंचायतीसमोर सगळे जमले. इथली शर्यत रद्द झाली होती. साहेबांनी विचारलं, "झेंडा का दाखवला?"

मुकादम म्हणाले, "वळणावर मानूस पडला होता."

"कोण?"

"तोंड नाही दिसलं. धुळा होता. पांढरं दिसलं."

सरपंच म्हणाले, "खताचं पोतं उडून आलं असन. सगळे लोक दोराच्या मांगं होते. इचारा कोनालेही."

साहेबांनी विचारलं. सगळे दोराच्या मागे होते. रस्त्यावर लोक होते असं कबूल केलं तर शर्यत पुन्हा कधी येणार नव्हती, आणि रस्ताही नाही. म्हाताऱ्याचं नाव तर सरपंचाच्या दारात कोण घेणार? "मुकादम घाबरले साहेब," एक जण म्हणाला. "उमर झाली." लोक हसले.

साहेबांच्या हातात माझ्या अक्षराची वही होती. त्यांनी पान उलटलं आणि विचारलं, "तेविसाव्या तोंडावर बाई होती ना? बाई, तुम्ही काय पाहिलं?"

सगळे माझ्याकडे वळले. मी जमिनीकडे पाहिलं. समोर कोणाच्या तरी चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो सुतळीनं बांधला होता. मी त्या सुतळीकडे पाहत राहिले.

मग मुकादम म्हणाले, "तिले नका इचारू साहेब. ते बोलत नाही."

साहेबांनी वही मिटली.

शर्यत काही पुन्हा आली नाही. रस्ता होता तसा राहिला. गाव त्याचा राग मुकादमांवर काढत होतं. टपरीवर ते गेले की कोणी तरी हातातला लाल रुमाल हलवायचं. वरून चौकशीचा कागद आला, विनाकारण झेंडा दाखवला म्हणून. त्यांची मुकादमकी गेली आणि त्यांना त्यांच्या गावाकडे, जानेफळच्या बाजूच्या रस्त्यावर साधा मजूर म्हणून पाठवलं. जायच्या आधी त्यांनी नव्या मुकादमाला नऊही किलोमीटर फिरवून कुठे पाणी साचतं ते दाखवलं. मला म्हणाले, "अक्षर चांगलं ठेव." मी मान हलवली. मला तेव्हा काही वाटलं नाही. संध्याकाळी घरी जाऊन भाकरी केल्या.

आठ महिन्यांनी शांताबाईनं सांगितलं, मुकादम गेले. छातीत कळ आली, घरीच गेले.

तेराव्याला मी एकटी एस.टी.नं गेले. घर छोटं होतं. त्यांची बायको तांदूळ निवडत बसली होती. मी खाली बसले आणि न सांगता तांदूळ निवडू लागले.

"लिवणारी बाई तूच काय?" वहिनींनी विचारलं.

मी मान हलवली.

"ते सांगत तुह्याबद्दल." त्या सुपाकडे पाहत बोलत होत्या. "त्या शर्यतीनं त्यांच्या डोस्क्यात काय केलं काय माहीत. इथं आले तेव्हा म्हणत, मानूसच होता. मंग काही दिवसांनं म्हणाले, असन मानूस. शेवटी शेवटी म्हणत, पोतंच असन वं, एवढे लोक खोटं काऊन बोलतीन. माह्ये डोयेच बिघडले. मेहकरले जाऊन चष्मा करून आणला. तो घालूनच कामाले जात. पन रस्त्यावर उभे राह्यले की सोबतच्याले इचारत, काही येऊन राह्यलं काय रे? सोबतचा जाय म्हणल्याबिगर रस्ता वलांडत नव्हते."

सुपातला तांदूळ मला दिसेनासा झाला. मी म्हणाले, "मानूस होता वहिनी."

त्यांचे हात थांबले.

"सरपंचाचे वडील होते. पाय मुरगळून पडले होते. मी पाह्यले. मी तिथंच उभी होती."

वहिनींनी आत हाक मारली, "इकडे ये वं पोरी. हे बाई काय म्हणते आयक."

मुलगी आली. मी पुन्हा सांगितलं. मुकादमांचे भाऊ मांडवातून आत आले, त्यांनाही वहिनी म्हणाल्या, "आयका." मी तिसऱ्यांदा सांगितलं. दारात चार-पाच माणसं गोळा झाली होती. घसा मिटला नाही. शब्द नीट निघत होते, सगळे, एकामागून एक.

वहिनी उठल्या, कोनाड्यातून चष्मा काढला आणि पदरानं पुसला. तो कोणाला द्यायचा हे त्यांना कळेना. त्या तशाच हातात धरून उभ्या राहिल्या.