तिसऱ्या दाराचा भाव

गाडी घेताना मी कोणाले विचारलं नाही, आणि विकायले काढली तर तिले कोणी विचारत नाही.

गाडी लालभडक, ठेंगणी, दोन दारांची. कूपे म्हणतात तिले! दुर्गच्या एका डॉक्टरचं पोरगं परदेशी चाललं होतं, म्हणून विकून राहिलं होतं. चाबी फिरवली अन् ती अशी गुरगुरली, की स्टील प्लांटातून रिटायर झालेला मी पुन्हा विशीत! पैसे कमी पडले ते बायकोच्या भिशीतून घेतले. (म्हणजे डब्यातून काढले. सांगितलं मागाहून.)

शकुन कडाडली, "काहो, माह्या बांगड्यांचे पैसे होते ते!"

"थोडे दिवस फिरू, अन् घेतली त्याहून जास्तीत विकू. नाही विकली तर गाडी तुह्या मालकीची!"

आमचा सुधीर म्हणे, "बाबा, रिसेलचा भाव ओरिजिनल गाडीलेच येतो. पार्ट, कलर, कशालेच हात लावू नका."

"तू मले लोखंड शिकवून राहिला काय बे? तीस वर्षं वेल्डिंग केली मी!"

पहिल्याच रविवारी पद्मनाभपूरले पोरीच्या सासरी गेलो. सुधीर समोर, शकुन मागे. पोचलो, अन् समोरची सीट वाकेचना! मागे तर दारच नाही. विहीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. शेवटी एक हात मी ओढला, एक त्यांनी. शकुन बाहेर आली, चप्पल आतच राहिली.

"अवो बाई, यापेक्षा ऑटो बरा होता!" विहीणबाई म्हणाल्या.

घरी कोहक्याले आल्यावर शकुननं आधी सीटखालून चप्पल काढली. मग म्हणाली, "विका."

मी डोकं लावलं. (चौथी पास असलो तरी आहे मले ते.) चार दारांची गाडी सारेच घेतात, दोन दारांची कोणी कोणी. म्हणजे कमी काय? दार! दुसऱ्या दिवशी हथखोजले जुन्या दोस्ताच्या वर्कशॉपात गेलो, कटर घेतला अन् डाव्या बाजूले मागे तिसरं दार काढलं! बिजागरीचे कबजे भक्कम. गाडीचं लॉक बसेना, म्हणून फाटकाची कडी लावली. रंगही लालच दिला. (जरासा तपकिरी रेड ऑक्साइडकडे गेला.)

सुधीरने पाहिलं अन् ओट्यावर बसूनच गेला. "बाबा, ये क्या कर दिया!"

"भाव वाढवला!"

तेवढ्यात जाहिरात पाहून रायपूरचं गिऱ्हाईक आलं. फोनवर त्यानं घेतल्या किमतीहून जास्त सांगितले होते! शकुननं पोहे केले. तो उजव्या बाजूनं फिरला. "वाह अंकल, एकदम ओरिजिनल!" मी शकुनकडे ऐटीत पाहिलं. मग तो डाव्या बाजूले गेला.

तो कडीपाशी वाकला.

"अंकल, ये क्या है?"

"दरवाजा."

"वो दिख रहा है. क्यों है?"

"उतरने के लिए!"

त्यानं कडी उघडली, लावली, पुन्हा उघडली. दाराजवळ उभा राहून फोटो काढला.

"कितना दोगे?" मी विचारलं.

"अंकल, कूपे का तो देता. ये जो बन गया है, इसका भाव मुझे मालूम नहीं!"

पोहे मात्र त्यानं दोनदा घेतले.

तो गेला. शकुननं हात पुढे केला, मी मुकाट्यानं चाबी ठेवली. शब्द दिला होता ना!

आता भिशीच्या दिवशी ती मागे बसते. पोचली की स्वतः कडी काढते, पदर सावरत राणीसारखी उतरते अन् म्हणते, "सहाले या घ्याले. उशीर नको."

गाडीले गिऱ्हाईक अजून मिळालं नाही. ड्रायव्हर मात्र (म्हणजे मी) पहिल्याच दिवशी फुकटात विकला गेला!