तपासणीच्या दिवशीचे पेशंट

रूपाला नर्स व्हायचं होतं. सरकारी कॉलेजातली जागा थोडक्यात हुकली, तेव्हा परवडेल असं कॉलेज शोधत ती वडील कडूबा यांच्याबरोबर सिल्लोडहून छत्रपती संभाजीनगरला आली. सगळ्यात कमी फीचं कॉलेज सापडलं. वर त्याचं स्वतःचं शंभर खाटांचं हॉस्पिटल!

"सर, पेशंट दिसंनात?" कडूबांनी विचारलं.

"अहो, आमच्याकडं लोक लवकर बरे होतात!" प्राचार्य म्हणाले.

कडूबांना पटलं. इतका हातगुण कुठं मिळतो?

तिसरं वर्ष उजाडलं, तरी रूपा प्लास्टिकच्या पुतळ्यालाच सलाइन लावत होती. पुतळा गुणी होता. कधी कण्हला नाही की शीर लपवली नाही.

"सर, वॉर्डातली ड्यूटी कधी?"

"लागेल गं. धीर हा नर्सचा पहिला गुण!"

रूपाला धीर भरपूर होता. भीती एकच होती, डिग्री हातात येईल आणि जिवंत माणसासमोर हात चालणार नाहीत.

अशात कॉलेजच्या मान्यतेची तपासणी जाहीर झाली आणि हॉस्पिटलला एकदम कळा आली. प्रत्येकीनं घरून दोन पेशंट आणायचे, जेवण कॉलेजकडून. रूपाची आत्या वच्छलाबाई स्वतःची गोधडी घेऊनच आली. कडूबा शेजारच्या खाटेवर लवंडले आणि खरंच घोरू लागले.

तपासणीच्या मॅडम आल्या. "आजी, काय होतंय?"

"काय नाय होत ते इचारा!" आत्यानं सासू, जाऊ आणि नणंद यांची सगळी दुखणी स्वतःच्या अंगावर घेतली.

"बीपी घे यांचं," मॅडम रूपाला म्हणाल्या.

रूपा आत्याच्या दंडाला पट्टा बांधायला लागली. दोनदा तो निसटला. आत्याला राहवलं नाही. "अगं, भेती कशाला? त्या पुतळ्याला बांधती तसंच बांध की!"

मॅडमनी वळून रूपाकडं बघितलं. कडूबा तेवढे घोरत राहिले.

"वॉर्डात किती दिवस काम केलंस?" मॅडमनी विचारलं. मागून प्राचार्य बोटांनी भलताच मोठा आकडा दाखवत होते. खोटं बोललं तर डिग्री नक्की होती. खरं बोललं तर कशाचाच भरवसा नव्हता.

"एकही नाय, मॅडम. पेशंट आजच बघितले. तेबी घरचेच."

कॉलेजला सक्त ताकीद मिळाली, ड्यूटी लावा, नाहीतर मान्यता विसरा. पंधरवड्यात सगळ्या मुलींची सरकारी दवाखान्यात सोय झाली. फाटकावर फलकही लागला, 'प्राचार्यांच्या दूरदृष्टीतून सरकारी दवाखान्यात प्रशिक्षण'. रूपाशी मात्र दूरदृष्टीवाले सर बोलेनासे झाले.

पहिल्या दिवशी ती वॉर्डाच्या दारात थबकली. एका खाटेवर दोघं, खाली सतरंजीवर तिसरा, आणि सगळे एकदम हाका मारत होते.

"सिस्टर, मला कायच येत नाय," ती तिथल्या वयस्कर सिस्टरना म्हणाली.

"बरं झालं आधीच सांगितलंस. येतंय म्हणणाऱ्यांनीच जीव नकोसा केलाय. हात धू अन् ये इकडं, हा पोरगा सुई बघून पळायच्या बेतात आहे. धर त्याला!"

रूपानं हात धुतले आणि ती धावली.