वाफाळणारा ढीग

देवरावजींशी माझी ओळख झाली ती त्यांचा ढीग विझवून. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरांमागे नुसता मुरूम पसरला होता. थंडीतल्या एका सकाळी शेजारच्या अंगणात तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगातून धूर निघताना दिसला. आग विझवण्याचे धडे आम्हाला प्लांटमध्ये नुकतेच मिळाले होते. मी आठ बादल्या पाणी ओतले, वरून ओला मुरूम थापला आणि मोठ्या रुबाबात दार ठोठावले.

देवरावजींनी ढिगात हात घालून पाहिला. "आग नव्हती भाऊ, वाफ होती. तणीस कुजून राहिलं होतं. आता थंडं पडलं."

मशीन शॉपमधले हे फिटर मूळचे भंडाऱ्याकडचे धानकरी. जनावरेही तोंड लावत नाहीत असे भिजके तणीस ते खेड्यांतून सायकलवर आणत, बारीक कापून शेणकाल्यात भिजवत आणि खतासाठी थरावर थर रचत. त्यांची तीन आठवड्यांची मेहनत मी पाण्यात घातली होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्यात माझी पत्नी शांता कायमची माहेरी निघालेली. "जिथं चवळईची भाजी उगवत नाही, तिथं लेकरं कशी वाढवाची?" असे ती म्हणे. देवरावजींच्या कानावर हे गेले आणि ते स्वतः आमच्या दारात आले. "वहिनी, पाडव्यापर्यंत थांबा. नाही उगवलं तं मीच तुमाले गाडीत बसवून देतो."

मग ड्यूटी सुटली की आम्ही दोघे तो ढीग उपसू लागलो. कोरडे तणीस मिसळून तो पुन्हा रचला. पाचव्या दिवशी त्यांनी मला आत हात घालायला लावले. चांगलाच चटका बसला, आणि मी पोरासारखा हसलो. खत तयार झाल्यावर त्यांनी ते सगळे आमच्या परसात पसरले. त्यांच्या वाट्याला त्या वर्षी मुरूमच राहिला. याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

पाडव्याला शांताने चवळईची पहिली जुडी त्यांच्या घरी पोचवली आणि घरी येऊन बांधलेली पेटी सोडली.

आज देवरावजी साठ वर्षांचे झाले. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असे मी लिहीत होतो, तेवढ्यात शांता म्हणाली, "मले गाडीत बसवून देनार होते, ते अजून बाकी आहे म्हणा. तोवर त्यांना कुठंच जाता येनार नाही."