पत्रा का आवाज

देवपूरच्या त्या मिस्त्रीचं नाव मला आजही माहीत नाही. वडिलांमागे राहिलेली जुनी जीप घेऊन मी धरणगावहून त्याच्याकडे गेलो, तेव्हा माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. जीप सातपुड्याच्या चढावर धापा टाकायची. एक मित्र म्हणत होता, याच इंजिनात मोठा क्रँक घालून स्ट्रोक वाढव, ताकद येईल. दुसरा म्हणत होता, हे काढ आणि दुसरं इंजिनच बसव. दोघांचंही पटायचं, हीच पंचाईत.

मी हे सांगत असताना मिस्त्रीनं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आमचा डॉक्टरसुद्धा इतकं निवांत ऐकत नाही.

"काय करू?" मी विचारलं.

"तुमले ठेवानं काय शे, भाऊ?" त्यानं बॉनेटवर थाप मारली. "पत्रा का आवाज?"

"आवाज," मी पटकन बोलून गेलो. का, ते मलाच कळलं नाही.

"मंग अवघड शे. क्रँक टाका का इंजिन, दोन्हीमा आवाज बदलस."

एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला. मला रागच आला. उत्तर मागायला गेलो आणि आणखी एक प्रश्न घेऊन परतलो.

गल्लीत वळलो, तर आई फाटक उघडून उभी. येतोय म्हणून मी फोनही केला नव्हता.

"लांबूनच ऐकू आली," ती म्हणाली. "काय ठरलं मग?"

मी किल्ली न फिरवता तसाच बसून राहिलो. इंजिन चालूच होतं.